घरातले फोटो आणि कागद एका जागी आणताना

गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की सलग दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसायला सुरुवात होईल. खात्याबरोबर त्यातले मेल, ड्राइव्ह आणि फोटोही जाणार. आमच्या घरात अशी दोन खाती निघाली, दोन्ही पिकासाच्या (गुगलच्या जुन्या फोटो सॉफ्टवेअरच्या) काळात उघडलेली. लॉगिन करून ती जिवंत केली आणि मग घरभर पसरलेले फोटो-कागद एकदाचे लावायचेच असं ठरलं. दिवाळीनंतर हात घातला, मार्च २०२४ अखेर काम बरंचसं उरकलं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या कामात क्रम चुकला की दुप्पट मेहनत पडते. आधी सगळं एका डिस्कवर गोळा करायचं, लगेच त्याची दुसरी प्रत काढायची, मग तारखा दुरुस्त करायच्या, मग दुबार आलेले फोटो वेगळे काढायचे, मग नावं घालायची. अल्बम सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत सुरुवातच अल्बमपासून होते आणि ‘गोवा २०१४’ नावाचे चार फोल्डर तयार होऊन काम तिथेच थांबतं.

पहिल्या आठवड्यात संगणकाला हातही लावला नाही. एका वहीत फक्त यादी केली: वस्तू, कोणाची, साधारण कोणत्या वर्षांची, उतरवून झाली का. चालू आणि बंद फोन, दोन लॅपटॉप, जुन्या डेस्कटॉपमधली आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क, सीडी-डीव्हीडींचा डबा, पेनड्राइव्ह, छोटी मेमरी कार्डं, माळ्यावरच्या ट्रंकेतले छापील फोटो आणि कपाटातल्या कागदांच्या फायली. ही वही शेवटपर्यंत कामाला आली. शेवटच्या रकान्यात खूण झाल्याशिवाय कोणताही जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा नाही, हा घरातला नियम झाला.

दोन टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या, प्रत्येकी साधारण साडेसहा हजारांना. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मुद्दाम घेतल्या, कारण एकाच खेपेतल्या डिस्क एकाच दोषाने जवळपास एकाच वेळी जाऊ शकतात. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) टाळली. ती वेगवान खरी, पण वीज न मिळता कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर साठवलेला विद्युतभार हळूहळू उतरतो. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांचंही तेच, म्हणून ती फक्त ने-आण करायला. डिस्क आली की ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केली. दोन टीबीला पाचेक तास लागतात, पण प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) तपासला जातो आणि नवीच डिस्क सदोष असेल तर ती बदलून मिळण्याच्या मुदतीतच कळतं. फॉरमॅटचा प्रकार घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट, फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. जुन्या फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतात.

गोळा करण्याची सुरुवात गुगलपासून केली. ‘टेकआउट’ या गुगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीत जाऊन बाकी सगळ्या खुणा काढायच्या आणि फक्त ‘गुगल फोटोज’ ठेवायचं. तुकड्यांचा आकार ५० जीबीपर्यंत निवडता येतो, पण घरच्या नेटवर मोठं डाउनलोड तुटलं की पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून १० जीबीचे तुकडे घेतले. तयार झाल्याची मेल दुसऱ्या दिवशी आली. त्या लिंक साधारण सात दिवसच चालतात आणि प्रत्येक तुकडा मोजक्याच वेळा उतरवता येतो. त्यामुळे प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी हा अर्ज करू नये. सगळे झिप एकाच फोल्डरमध्ये उघडायचे, कारण फोटो एका तुकड्यात आणि त्याची माहितीची जेसन फाइल दुसऱ्यात, असं सर्रास होतं.

या जेसन फायलींवरून बराच गैरसमज आहे. ‘गुगल तारखा काढून टाकतं’ असं लोक म्हणतात, पण कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली एक्झिफ माहिती (तारीख, वेळ वगैरे) मूळ फाइलमध्ये तशीच असते. गुगल फोटोजमध्ये नंतर हाताने बदललेली तारीख, घातलेलं ठिकाण किंवा वर्णन मात्र फक्त जेसनमध्ये येतं. स्कॅन केलेल्या फोटोंना तिथे तारखा दिल्या असतील तर जेसन फेकून देणं महागात पडेल.

फोन केबलने जोडून एकदम वीस हजार फोटो ओढायला गेलं की विंडोज मध्येच गोठतं. महिन्यामहिन्याने किंवा हजारेक फायलींच्या गठ्ठ्यांनी उतरवावं. ॲंड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॲपचं साहित्य मुख्य जागेत दिसत नाही, ते ‘ॲंड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’त खोल जाऊन बसतं. तिथल्या ‘सेंट’ फोल्डरकडे लोकांचं लक्षच जात नाही. मूळ फोटो हरवलेला असतो आणि कोणाला तरी पाठवलेली छोटी प्रत तिथे सापडते. आयफोनवरून विंडोजवर घेताना सेटिंग्जमध्ये फोटोजच्या तळाशी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडावं, नाहीतर वाटेत रूपांतर करताना कॉपी अधूनमधून तुटते.

सीडींनी वेळ खाल्ला. दोन हजारच्या दशकात लग्नाचा फोटोग्राफर हमखास सीडी द्यायचा. आपल्या दमट हवेत त्यांवर बुरशी धरते किंवा आतला रंगथर उडतो. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. गोल चरा सीडी वाचणाऱ्या किरणाला सलग अडवतो. एका ड्राइव्हवर न वाचलेली सीडी दुसऱ्यावर वाचली जाते, असं अनेकदा झालं. त्यासाठी अठराशेचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घेतला. व्हीसीडीतली ‘डॅट’ फाइल म्हणजे जुना एमपेग-१ व्हिडिओ. व्हीएलसीवर सहज चालतो, चित्र मात्र ३५२ बाय २८८ चंच. त्याला एआयने ‘एचडी’ करण्याच्या भानगडीत निदान मूळ प्रत जपल्याशिवाय पडू नये.

आयडीई डिस्कसाठी बाराशेचा ॲडॅप्टर लागला. साडेतीन इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्यावा. जोडल्यावर आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून ‘रिअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (नीट वाचता न येणारे) सेक्टर पाहिले. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर शोधाशोध, व्हायरस स्कॅन काही करायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी उतरवायचे. डिस्क टकटक आवाज करू लागली तर लगेच वीज काढावी. तिथून पुढे काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, आणि तो खर्च हजारांत जातो.

गोळाबेरीज ६४० जीबीच्या घरात गेली. इथे हात शिवशिवतात, पण काहीही न हलवता आधी या ढिगाची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. टेराकॉपी या कॉपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ लावलं की कॉपी झाल्यावर ते दोन्हीकडच्या चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून पाहतं. वेळ दुप्पट लागतो. रात्री लावून ठेवावं आणि लॅपटॉपची स्लीप सेटिंग बंद करावी.

मग तारखा. सगळ्यात जास्त संध्याकाळी यात गेल्या आणि त्या वाया गेल्या नाहीत. तारीख बरोबर असली की फोटो आपोआप प्रसंगानुसार लागतात, दुबार शेजारी येतात आणि ‘हा कोणाचा वाढदिवस’ हा प्रश्न निम्मा सुटतो. साधन एकच: एक्झिफटूल. फुकट आहे, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालतं, पण त्याला पर्याय नाही. ते बदल करताना प्रत्येक फाइलची ‘ओरिजिनल’ शेपटी लावलेली जुनी प्रत बाजूला ठेवतं, त्यामुळे जागा दुप्पट लागते. आधी दहा फायलींवर करून पाहावं, पटलं की फोल्डरवर.

तारखा चुकण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की घड्याळ कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जातं. १ जानेवारीला घरात संशयास्पद गर्दी दिसली तर हेच कारण. परदेशातून आलेल्यांचे कॅमेरे तिथल्या वेळेवर असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून डिसेंबरातल्या लग्नात सकाळी १०:२० चा मुहूर्त एका कॅमेऱ्यात आदल्या रात्री ११:५० ला लागलेला. उपाय सोपा आहे: दोन्ही कॅमेऱ्यांत सापडणारा एकच क्षण शोधायचा (अंतरपाट दूर होतो तो उत्तम), फरक काढायचा आणि त्या मॉडेलचे सगळे फोटो तेवढ्याने सरकवायचे. एमपी४ व्हिडिओंची वेळ जागतिक वेळेत लिहायची पद्धत आहे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. गणपतीच्या पहाटेच्या आरतीचा व्हिडिओ त्यामुळे आदल्या दिवसात घुसतो.

व्हॉट्सॲप पाठवताना एक्झिफ काढून टाकतं. ॲंड्रॉइडवर निदान फाइलच्या नावात तारीख राहते आणि ‘डब्ल्यूए’नंतर त्या दिवसाचा क्रमांक. ती तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. एक्झिफटूल नावातली तारीख उचलून आत लिहू शकतं. यापुढे घरातल्यांनी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर दर्जा आणि तारीख दोन्ही शाबूत राहतात. हे सगळ्यांना सांगून झालं, पाळतात दोघंच.

दुबार फोटो वेगळे काढायला च्कावका (Czkawka) वापरलं, तेही मोफत. आधी फक्त हॅशने (चेकसमसारख्याच आकड्याने) तंतोतंत सारख्या फायली. इथे डोळे मिटून पुढे जाता येतं, पण एक अडचण आहे: टेकआउट एकच फोटो वर्षाच्या आणि अल्बमच्या अशा दोन्ही फोल्डरांत देऊ शकतं. अल्बमचं नाव हवं असेल तर ते आधी कीवर्ड (शोधशब्द) म्हणून फोटोत लिहून घ्यावं. नंतर ‘सारखे दिसणारे’. हे मात्र बघूनच ठरवायचं. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत बहुतेकदा लांब बाजूने १६०० पिक्सेल असते. मूळ सापडला तर ती बाद. एका पाठोपाठ काढलेले सहा ग्रुप फोटो मात्र यंत्राला एकच वाटतात, आणि सगळ्यांचे डोळे उघडे असलेला त्यातला एकच असतो. काहीही पुसलं नाही, सगळं ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवलं आणि सहा महिने ठेवलं. सुप्रभातची चित्रं, राजकीय व्यंगचित्रं आणि लग्नपत्रिकाही बाद केल्यावर ढीग ३१० जीबीवर आला.

जानेवारीत छापील फोटो स्कॅनिंगला घेतले. हे काम थंडीतच करावं. पावसाळ्यात फोटोंचा वरचा जिलेटिनचा थर ओल धरतो, एकमेकांना चिकटतो आणि ओढला की चेहराच निघून येतो. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो सोडवू नये, काचेसकट स्कॅन करावा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो बिनवासाच्या डेंटल फ्लॉसने मागून हळू कापत सोडवले. न सुटणारे पानासकट स्कॅन केले. धूळ ब्लोअरने उडवावी, ओलं फडकं लावू नये.

स्कॅनर साधा फ्लॅटबेड, साडेपाच हजारांचा. या स्वस्त, पातळ स्कॅनरांचा सेन्सर काचेला अगदी चिकटून असलेलंच स्पष्ट घेतो, त्यामुळे वळलेल्या फोटोची कड धूसर येते. असे फोटो आधी दोन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवावेत. चार बाय सहाचे तीन फोटो ए४ काचेवर एका वेळी बसतात. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) एका फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात. टिफमध्ये (दर्जा न घटवता साठवणारा प्रकार) साधारण २६ एमबी, चांगल्या जेपेगमध्ये त्याच्या बऱ्याच आत. जुने, एकुलते एक फोटो टिफ, बाकीचे जेपेग, असं धोरण ठेवलं. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करावा, शाईच्या खुणा आणि पिवळेपणा ही माहितीच आहे. आपोआप रंगसुधारणा आणि धूळ काढणं बंद.

मागची बाजूही स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, ‘सप्रेम भेट’, कोणाच्या तरी अक्षरातलं वर्ष, सगळं तिथेच असतं. जिथे मागे काही नाही तिथे फोटोचा आकार बोलतो. चौरस छोटे फोटो बहुधा १२० फिल्मच्या कॅमेऱ्यांचे, आपल्याकडे घराघरांत असलेल्या आग्फा क्लिक-थ्रीसारख्या. कोपऱ्यात नारिंगी आकडे असतील तर ती तारीख कॅमेऱ्याची, वर सांगितलेल्या सगळ्या शंकांसकट. वर्षच ठाऊक असेल तर १ जानेवारी घालून ‘अंदाजे’ हा कीवर्ड दिला, कारण महिन्याच्या जागी शून्यं घातली की बरीच सॉफ्टवेअरं तारीखच नाकारतात. स्कॅनर स्वतःहून आजची तारीख घालतो. ती न बदलता सोडली तर आजोबांची मुंज २०२४ मध्ये लागते.

लग्नाच्या जाड पानांच्या करिझ्मा अल्बमची पानं कोणत्याही घरगुती स्कॅनरवर बसत नाहीत आणि फोनने काढली की चकाकी येते. त्यापेक्षा फोटोग्राफरला मूळ फाइल मागाव्यात. लवकर मागाव्यात, बरेच जण काही वर्षांनी जुनी कामं पुसून टाकतात.

फेब्रुवारी कागदांचा. ३०० डीपीआय, रंगीत, पीडीएफ. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलं की स्टॅम्पपेपरवरचा जांभळा शिक्का निम्मा उडतो. थर्मल कागदावरची बिलं आधी घ्यावीत, ती दोन-तीन वर्षांत कोरी होतात. घराच्या बांधकामाची आणि सुधारणेची बिलं तर घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबाला लागतात. मोडीतले जुने कागद ६०० डीपीआयला टिफमध्ये ठेवले, पुढे मोडी वाचणाऱ्याला दाखवताना शाईची रेघ न रेघ दिसायला हवी. खरेदीखताचं स्कॅन कितीही सुरेख असलं तरी बँक मूळच मागते. सातबारा जुना स्कॅन करून भागत नाही. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा ताजा मिळतो. हाताने लिहिलेले जुने सातबारे आणि फेरफार मात्र जपून ठेवले.

आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष हा पासवर्ड असतो, बँकांच्या स्टेटमेंटला आणखी काही. दहा वर्षांनी हे कोणाला आठवणार नाही, म्हणून ‘प्रिंट टू पीडीएफ’ करून बिनपासवर्डची प्रत केली. या प्रतीत डिजिटल स्वाक्षरी उरत नाही, तेव्हा मूळ फाइलही शेजारी हवीच. डिजिलॉकरमध्ये ‘इश्यूड’ आणि ‘अपलोडेड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संबंधित खात्याकडून थेट आलेले इश्यूड दस्तऐवज २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचे. आपण चढवलेलं स्कॅन फक्त स्कॅन. कॅमस्कॅनर या स्कॅनिंगच्या ॲपवर जून २०२० मध्ये बंदी आली तेव्हाचे काही कागद एका जुन्या फोनमध्येच राहिले होते, ते तिथून पीडीएफ करून काढले.

सगळ्यात चिवट निघाल्या जुन्या मराठी वर्ड फायली. युनिकोड (कुठल्याही यंत्रावर तशीच दिसणारी अक्षरांची आजची पद्धत) येण्याआधी श्रीलिपी, शिवाजी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र आज उघडलं की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. मजकूर शाबूत असतो, फॉन्ट नसतो. तो फॉन्ट मिळवून बसवायचा आणि लगेच फॉन्टसकट पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपायच्या पीडीएफचा प्रकार) मध्ये साठवायचं. लिबरऑफिसमध्ये ती सोय आहे. त्यानंतर युनिकोड रूपांतर. रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ इथे रूपांतरकं हमखास घसरतात, म्हणून वाचून पाहिल्याशिवाय पर्याय नाही. स्कॅनमधला छापील मराठी मजकूर शोधता यावा म्हणून नॅप्स२ या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेसरॅक्टची (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाची) मराठी भाषा घेतली. हस्ताक्षर त्याला कळत नाही, पण छापील पत्रिका आणि प्रमाणपत्रं सापडण्यापुरती ओळखतं.

फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग व्यक्ती, मग विषय. देवनागरी नावं जुन्या झिपमध्ये किंवा टीव्हीवर अजूनही मोडतात, आणि विंडोजवर फोल्डरांची साखळी २६० अक्षरांच्या पुढे गेली की कॉपी अडते. मराठी वर्णन फोटोच्या आत, डिजिकॅम हे फोटो लावायचं सॉफ्टवेअर वापरून. त्यात ‘माहिती फाइलमध्ये लिहा’ हा पर्याय सुरू करावा लागतो, नाहीतर सगळी नावं त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच अडकतात. चेहरे ओळखायला आत्याला क्रमांक घातलेले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आणि रविवारी फोनवर नावं उतरवून घेतली. एका बैठकीत तीसच फोटो. त्यापुढे आत्या फोटोतल्या माणसांऐवजी त्यांच्या इस्टेटीबद्दल बोलू लागते.

मार्चमध्ये दुसऱ्या डिस्कवर आवरलेली नवी प्रत चेकसम जुळवून उतरवली आणि ती डिस्क नाशिकला बहिणीकडे नेऊन ठेवली. आग, चोरी आणि पाणी या तिन्हींपुढे एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. निवडक फोटो गुगलच्या १०० जीबीच्या योजनेवर, तेव्हा वर्षाला १,३०० रुपये. आधार, पॅन, बँकेचे कागद उघडे चढवले नाहीत. व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने १० जीबीची पासवर्डची बंद पेटी करून त्यात ठेवले आणि पासवर्ड कागदावर लिहून मूळ दस्तऐवजांच्या पाकिटात. गुगलच्या ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये (खातं बराच काळ वापरलं नाही तर कोणाला कळवायचं, हे ठरवून ठेवायची सोय) प्रत्येक खात्याला घरातल्याच दोघांची नावं घातली. ३ ते १८ महिन्यांची मुदत निवडता येते, आम्ही सहा ठेवली.

सगळा खर्च तेवीस हजारांच्या आत बसला: डिस्क तेरा हजार, स्कॅनर साडेपाच, डीव्हीडी रायटर अठराशे, ॲडॅप्टर बाराशे, गुगल तेराशे. सॉफ्टवेअरला एक रुपया नाही. वार्षिक तपासणीसाठी ३१ मार्च ठरवलाय. जगभर तो बॅकअप दिन म्हणून पाळतात आणि आपल्याकडे कागद तसेही त्याच दिवशी बाहेर निघतात. त्या दिवशी दोन्ही डिस्क जोडायच्या, चेकसम पुन्हा जुळवायच्या, कुठलेही वीस फोटो आणि पाच पीडीएफ खरोखर उघडून पाहायचे, आणि वर्षभराचे फोन उतरवायचे. निगेटिव्ह अजून राहिल्यात. त्यांना मागून प्रकाश टाकणारा स्कॅनर लागतो आणि तो आमच्या साध्या स्कॅनरच्या कितीतरी पट महाग आहे, तेव्हा तोवर त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात.